घोस्ट सोलकढीच्या रंगाचे आले, तर फ्रेटचा आकडा वहीत लिहू नका

लक्षण आधी सांगते, म्हणजे तुमची अडचण हीच आहे का ते लगेच कळेल.

तांबड्या पेशीच्या पटलात बँड ३ नावाचं प्रथिन असतं. एका पेशीत त्याच्या साधारण १० ते १२ लाख प्रती. ही प्रथिनं एकमेकांजवळ किती गोळा होतात हे मोजायचं म्हणून अखंड पेशींना बाहेरून दोन रंग लावले. फ्लुओरेसीन मॅलेइमाइड हा ऊर्जा देणारा आणि इओसिन मॅलेइमाइड ती घेणारा. मग पेशी फोडल्या, धुतल्या, पांढरे घोस्ट (आतलं हिमोग्लोबिन काढलेली पेशीची रिकामी पटलं) केले आणि फ्लुओरोमीटरमध्ये ठेवले. देणाऱ्याची चमक कमी झाली की ऊर्जा घेणाऱ्याकडे गेली, म्हणजे दोन बँड ३ जवळ आहेत, असा साधा हिशोब. या ऊर्जा-बदलीलाच फ्रेट म्हणतात. पण एका आठवड्यात चमक जेमतेम कमी होते, पुढच्या आठवड्यात तीच तिसऱ्या हिश्शाने पडते. रक्तदाता तोच, रंग तोच, हात तोच. काही दिवस सगळं सुरळीत चालतं आणि वाटतं की सुटलं. मग पुन्हा तेच.

मुंबईच्या उपनगरातल्या एका लॅबमध्ये मी यात जवळपास चार महिने घालवले. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिला संशय अर्थातच यंत्रावर गेला. झेनॉनचा दिवा जुना झाला असेल, म्हणून रोज सकाळी पाण्याचा रामन पट्टा (पाण्याने विखुरलेला प्रकाश, यावरून यंत्राची संवेदनशीलता कळते) मोजून पाहिला. दिवा ठीक होता. मग रंगावर. जूनपासून आपल्याकडे हवेत इतका दमटपणा असतो की फ्रीजरमधून काढलेली कुपी लगेच उघडली तर आत दव धरतं आणि पाणी लागलं की मॅलेइमाइड (रंगाचा प्रथिनाला पकडणारा भाग) हळूहळू निकामी होतं. ही भीती खरी आहे. कुपी डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, मगच झाकण उघडावं, आणि द्रावण कोरड्या डीएमएसओ या द्रावकात करावं. पण नवी कुपी आणली तरी माझे आकडे हलायचे थांबले नाहीत. नंतर मी रक्ताच्या प्रवासाला दोष दिला. परळहून नमुना घ्यायचा, गर्दीच्या लोकलमधून कुर्ल्याला उतरायचं, पुढे रिक्षा. मे महिन्यात ही दगदग रक्तालाही बाधत असणार असं वाटलं. नळी बर्फाला थेट न टेकवता कापडात गुंडाळून आणायला लागले. ती सवय चांगली, अजून पाळते. आकडे मात्र तसेच.

शेवटी वही उघडली आणि नुसत्या तारखा एका बाजूला काढल्या. तेव्हा दिसलं की सोमवार-मंगळवारचे आकडे शांत आहेत आणि गुरुवार-शुक्रवारचे उसळलेले. दिवा आठवड्याचे वार ओळखत नाही, रंगही ओळखत नाही.

इथे माझी एक मोठी चूक कबूल करायला हवी. ‘फक्त देणारा’ हा कंट्रोल, म्हणजे इओसिन न लावलेला नमुना, मी सुरुवातीला दोनदा केला आणि नंतर तोच आकडा प्रत्येक हिशोबात वापरत राहिले. रक्त थोडं असायचं, वेळ त्याहून थोडा. एका शुक्रवारी तो कंट्रोल नव्याने केला, तितकंच प्रथिन घेऊन. त्याचीही चमक पडली होती, आणि जवळजवळ तेवढीच. त्या नळीत ऊर्जा घेणारं कुणी नव्हतं. मग प्रकाश जात कुठे होता?

उत्तर लॅबमधल्या काकांनी दिलं. काचसामान, बर्फ, डिस्टिल्ड पाणी आणि बफर हे सगळं ते गेली कितीतरी वर्षं सांभाळतात. मी सोमवारची नळी बर्फात राखून ठेवली होती. शुक्रवारची नळी तिच्या शेजारी खोचली तेव्हा त्यांनी दोन्ही उचलून खिडकीकडे धरल्या.

“मॅडम, हे ताक आहे आणि ही सोलकढी. दोन्ही सारखंच कसं म्हणता?”

मी पाहिलं. गाळ रोज पाहत होते, पण एका वेळी एकच नळी, तीही सेंट्रिफ्यूजच्या अंधाऱ्या भांड्यातून काढून थेट बर्फात. एकटी पाहिली की फिकट गुलाबी रंग पांढराच वाटतो. शेजारी ठेवल्यावर फरक लपत नाही.

“काका, धुवायचा बफर कधीचा आहे?”

“सोमवारीच करतो ना. पाच लिटर. आठवडाभर पुरतो.”

कोल्ड रूममधल्या त्या बाटलीचा पीएच मोजला. लेबलवर ८.० होतं, मीटरवर ७.७.

०.३ चा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. या कामात तो किरकोळ नाही, आणि का नाही हे समजून घेतलं तर अर्धी लढाई तिथेच संपते. बँड ३ ची एक लांब शेपटी पेशीच्या आतल्या बाजूला असते. तिचं टोक ॲस्पार्टेट-ग्लुटामेटने, म्हणजे ऋण प्रभारांनी गच्च भरलेलं. हिमोग्लोबिन त्या टोकाला चिकटतं. पीएच खाली गेला की हिमोग्लोबिनवरचा धन प्रभार वाढतो आणि पकड घट्ट होते. क्षार कमी असले की प्रभारांमधली ओढ झाकली जात नाही, म्हणून पकड आणखी घट्ट. आता घोस्ट करण्याची रीत आठवा. पेशी फुटाव्यात म्हणून आपण मुद्दाम अगदी कमी क्षाराचा, ५ मिलिमोलर फॉस्फेट वापरतो. म्हणजे चिकटण्याची निम्मी अट आपणच पूर्ण करतो. हिमोग्लोबिन सुटून यावं म्हणून हातात उरतो फक्त पीएच. म्हणूनच तो ८.०.

आणि हा बफर स्वभावतः कमजोर आहे. फॉस्फेटचा पीके, म्हणजे ज्या पीएचला बफर सगळ्यात ताकदवान असतो तो, ७.२ च्या आसपास, आपण वापरतो ८.० ला, म्हणजे त्याच्या ताकदीच्या कडेला. त्यात प्रमाण फक्त ५ मिलिमोलर. मोठी बाटली दिवसातून दहा वेळा उघडली की हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळत जातो, थंड पाण्यात तर जास्तच, आणि पीएच कणाकणाने उतरतो. बाटलीत काही गढूळ होत नाही, वास येत नाही. लेबल तसंच राहतं.

त्याच दुपारी शुक्रवारचा सोलकढी गाळ ताज्या, त्या क्षणी पीएच मोजलेल्या बफरमध्ये दोनदा धुतला. पहिल्या फेरीला वरचं पाणी गुलाबी आलं, दुसऱ्या फेरीला जेमतेम. गाळ दुधाच्या सायीसारखा झाला आणि देणाऱ्याची चमक सोमवारच्या जवळ परत आली. नमुना तोच होता, फक्त आतलं हिमोग्लोबिन गेलं होतं.

आता कुणी विचारेल की इतक्या फिकट रंगाने तिसरा हिस्सा प्रकाश कसा गिळला. हा हिशोब एकदा स्वतः करून पाहा, कारण तो केल्यावर मला रात्री झोप लागली नाही. एका तांबड्या पेशीत साधारण ३० पिकोग्रॅम हिमोग्लोबिन असतं. एका घोस्टमध्ये पटलाचं प्रथिन साधारण ०.६ पिकोग्रॅम. समजा तुम्ही ९९ टक्के हिमोग्लोबिन धुवून काढलं आणि १ टक्काच राहिलं. म्हणजे प्रत्येक घोस्टमध्ये ०.३ पिकोग्रॅम, पटलाच्या प्रथिनाच्या निम्मं. मिलिलिटरला १ मिलिग्रॅम पटल प्रथिन असं घट्ट द्रावण क्युवेटमध्ये (मोजणीच्या चौकोनी नळीत) घेतलं, तर हिमोग्लोबिन झालं ०.५ मिलिग्रॅम, आणि हीम (हिमोग्लोबिनचा प्रकाश शोषणारा, लोह असलेला भाग) सुमारे ३१ मायक्रोमोलर. ऑक्सिहिमोग्लोबिनचं सगळ्यात मोठं शिखर ४१५ नॅनोमीटरला, तिथे शोषण ४ च्या आसपास जातं. आपण काम करतो ते ४९५ आणि ५२० ला, म्हणजे देणाऱ्यावर टाकलेला प्रकाश आणि त्याची बाहेर पडणारी चमक. तिथे हीम बरंच कमी शोषतं, तरी १ सेंटिमीटर क्युवेटमध्ये अनुक्रमे ०.१६ आणि ०.१९ च्या जवळ शोषण येतं. दोन्हींची बेरीज करा, निम्मी करा, १० चा तेवढा घात काढा. उत्तर दीड. म्हणजे खऱ्या चमकेचा तिसरा हिस्सा आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. येणारा प्रकाश वाटेत कापला जातो, बाहेर पडणाराही कापला जातो. दोन प्रथिनांच्या जवळिकीशी याचा काडीचा संबंध नाही. ‘१ टक्का’ म्हणजे आपण छान धुतलं असंच सगळे समजतो.

तर तुमच्याकडे हा घोळ आहे का, हे तपासायला सगळ्यात स्वस्त उपाय पाणी. घोस्टचं द्रावण दहापट पातळ करा, त्याच बफरमध्ये, आणि देणाऱ्याच्या चमकेचं गुणोत्तर पुन्हा काढा. दोन्ही रंग एकाच पटलात रोवलेले आहेत, त्यामुळे द्रावण पातळ केल्याने त्यांच्यातलं अंतर बदलत नाही. खरी ऊर्जा-बदली असेल तर गुणोत्तर जागचं हलत नाही. वाटेतलं शोषण असेल तर ते विरतं. ही चाचणी पाच मिनिटांची आहे आणि मी ती चार महिन्यांनी केली.

दुसरी चाचणी महाग, पण शंकेला जागा न ठेवणारी: देणाऱ्याचा लाइफटाइम. फ्लुओरेसीन उत्तेजित अवस्थेत साधारण ४ नॅनोसेकंद राहतो. ऊर्जा शेजाऱ्याकडे जात असेल तर हा काळ घटतो. प्रकाश केवळ वाटेत गिळला जात असेल तर कमी फोटॉन पोहोचतात, पण जे पोहोचतात त्यांचा लाइफटाइम तोच राहतो. यंत्र आपल्याकडे नसेल तर जिथे आहे तिथे वेळ मागून घ्यावा, आणि त्याआधी पातळ करण्याची चाचणी पार पडलेली असावी. दुसऱ्याच्या यंत्रावर सोलकढी नेऊ नये.

आणि प्रत्येक वेळी, खरंच प्रत्येक वेळी, ४१५ चं शोषण नोंदवा. घोस्टचं द्रावण तसंच मोजलं तर प्रकाश विखुरतो आणि आकडा फुगतो. म्हणून थोडा भाग १ टक्का ट्रायटनमध्ये (पटल विरघळवणाऱ्या डिटर्जंटमध्ये) मिसळून मोजते. पटलाखालचा सांगाडा त्यात पूर्ण विरघळत नाही, थोडं विखुरणं उरतंच, म्हणून ७०० चं वाचन वजा करते.

इथपर्यंत सोपं होतं. खरा पेच पुढे आहे, आणि त्यावर थोडं थांबते.

शिळ्या रक्तात, किंवा ऑक्सिडीकरणाचा ताण दिलेल्या पेशींत, हिमोग्लोबिन बिघडून हेमिक्रोम होतं. ते बँड ३ च्या त्याच शेपटीला साध्या हिमोग्लोबिनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतं आणि शेजारच्या बँड ३ ना खरोखरच एकत्र ओढतं. म्हाताऱ्या पेशी शरीर कशा ओळखतं, याच्या एका स्पष्टीकरणात हीच गोष्ट मध्यभागी आहे. बँड ३ चे असे पुंजके झाले की त्यांवर अँटिबॉडी बसते आणि पेशी बाद होते. म्हणजे त्याच रेणूचे दोन उद्योग. एक, तो प्रकाश गिळून खोटी जवळीक दाखवतो. दोन, तो खरी जवळीक घडवतो. ‘हिमोग्लोबिन दिसलं, आकडा टाकून द्या’ असं म्हणून इथे सुटका होत नाही. कारण तुम्ही अभ्यास करताय तो आजारच हा असू शकतो. सिकलसेलमध्ये आणि जी-६-पीडी या एन्झाइमच्या कमतरतेत हेमिक्रोम हा अभ्यासाचाच भाग असतो.

डोळ्यांना थोडा फरक कळतो. साधं हिमोग्लोबिन गुलाबी, हेमिक्रोमचा गाळ कथ्थ्यासारखा तपकिरी. वर्णपटात ४१५ चं शिखर डावीकडे सरकलेलं आणि ५४१ व ५७७ चे दोन उंचवटे चपटे झालेले दिसले, तर बिघाड झाला आहे असं समजा. ताज्या ८.० बफरने गुलाबी रंग निघतो, तपकिरी सहसा निघत नाही. अशा नमुन्यात मी धुण्याच्या फेऱ्या वाढवत बसत नाही. पातळ द्रावण, लाइफटाइम, आणि त्याच नमुन्याचा ‘फक्त देणारा’ कंट्रोल, एवढ्यावरच निष्कर्ष काढते. चमकेवरून काढलेला टक्का तिथे लिहीत नाही.

गुलाबी रंगाचं आणखी एक कारण आहे आणि ते मुंबईत उन्हाळ्यात हमखास भेटतं. पेशी फुटल्यावर पटलाला पडलेली भोकं थंडीत उघडी राहतात, ऊब मिळाली की मिटू लागतात. सेंट्रिफ्यूज आधी थंड केलेला नसेल, किंवा लाइट जाऊन आल्यावर त्याचं तापमान पुन्हा न पाहता चालू केला असेल, तर हिमोग्लोबिन घोस्टच्या आत कोंडलं जातं. हे चिकटलेलं नसतं, अडकलेलं असतं. ताज्या बफरने दोनदा धुऊनही गुलाबी रंग तसाच राहिला आणि तपकिरी झाक नसेल, तर बहुधा हेच. त्या दिवशी नवा नमुना घेणं बरं. रोटर रिकामा ठेवून अर्धा तास ४ अंशांवर फिरवणं, हा माझा आता ठरलेला पहिला उद्योग आहे. चहा नंतर.

गाळाकडे पाहतच आहात तर त्याच्या तळाशीही पाहा. घोस्टचा गाळ सैल असतो, नळी तिरकी करून हलकेच फिरवली की सरकतो. त्याखाली एक छोटा, घट्ट, मळकट ठिपका नळीला चिकटून राहतो. त्यात पांढऱ्या पेशींचे अवशेष आणि त्यांची प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात. तो ठिपका पिपेटने ओढून टाका. राहिला तर अँकिरिन कापलं जातं, आणि अँकिरिन म्हणजे बँड ३ ला खालच्या स्पेक्ट्रिनच्या जाळ्याशी बांधणारी गाठ. गाठ सुटली की बँड ३ पटलात मोकळं फिरतं आणि तुमची जवळीक खरोखर बदलते. अशा वेळी यंत्र खोटं बोलत नसतं, नमुनाच वेगळा झालेला असतो. प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमना अडवणारं पीएमएसएफ घालता ना? पीएच ८ ला ते २५ अंशांवर अर्ध्या-पाऊण तासात निम्मं संपतं. सकाळी बफरमध्ये घातलेलं दुपारी कामाला येत नाही, दर फेरीला ताजं घाला.

काही जण इओसिनऐवजी लेक्टिनला (साखरेला चिकटणाऱ्या प्रथिनाला) रंग लावून बँड ३ शोधतात, कारण त्यावरच्या साखरेच्या साखळीत ए, बी, एच हे रक्तगटाचे प्रतिजन असतात. त्यांच्यासाठी दोन शब्द. उलेक्स लेक्टिन एच साखरेला धरतं. एच सगळ्यात जास्त ओ गटाच्या पेशींवर, ए१बी वर सगळ्यात कमी. रक्तदात्यांचे गट सरमिसळ घेतले तर चमक माणसागणिक बदलते आणि आपण त्याला प्रथिनांचा फरक समजतो. बॉम्बे गटाच्या पेशींवर तर एचच नाही, तिथे हे लेक्टिन बसणारच नाही. डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये हा गट आपल्याच शहरातून जगासमोर आणला, आणि आज केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेजवळून रक्ताची नळी घेऊन जाताना मला दर वेळी त्याची आठवण होते. लेक्टिनबद्दल शेवटचं म्हणजे त्याला एकापेक्षा जास्त हात असतात. ते दोन बँड ३ ना स्वतःच जवळ आणू शकतं. जवळीक मोजायला जवळीक घडवणारं साधन वापरू नये, असं माझं ठाम मत आहे.

इओसिनबद्दलही सावध राहा. उजेडात ते क्रियाशील ऑक्सिजन तयार करतं आणि शेजारच्या प्रथिनांना इजा करतं. रंग लावल्यापासून मोजेपर्यंत नळ्या फॉइलमध्ये.

आता आमच्याकडे पाच लिटरची बाटली बंद झाली. काका रोज सकाळी एक लिटर करतात, उकळून गार केलेल्या डिस्टिल्ड पाण्यात. संहत साठ्यातून पातळ केल्यावर पीएच सरकतो, म्हणून मोजायचा तो पातळ केल्यानंतरच, आणि थंड असताना. लेबलवर पीएचच्या शेजारी वेळ असते. राखलेला एक पांढरा गाळ आणि एक सोलकढी गाळ दोन बंद नळ्यांत स्टँडवर ठेवलेत. नव्या मुलांना मी आधी ते दाखवते. रंग उतरला की काका नवे करून ठेवतात.

जुन्या चार महिन्यांच्या आकड्यांचं काय, असं एका विद्यार्थिनीने मला विचारलं. “ताई, सोमवारचे तरी ठेवूया ना?” ठेवावेसे मलाही वाटले, ते सुंदर होते. पण त्या दिवसांचं ४१५ चं वाचन वहीत नाही, आणि नुसत्या वारावरून नमुना पांढरा होता असं मी म्हणू शकत नाही. ते सगळे प्रयोग आम्ही पुन्हा लावले आहेत. निम्मे झाले, उरलेले दिवाळीपर्यंत होतील.